शनिवारचं पान

माझी सून अमेरिकेत सरकारी रद्दी सांभाळते, असं माझ्या सासूबाई नागपुरात सगळ्यांना सांगायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझी लेक इथेच जन्मली, इथेच वाढली. तिचं मत वेगळं. "आई, दे पे यू टु स्नूप," लोकांच्या खाजगीत डोकावायचा तुला पगार मिळतो, असं ती शाळेत असल्यापासून म्हणते. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून मी कधी वाद घातला नाही.

आता निवृत्त झाले. रेडमंडला राहणारी आमच्या दिवाळी अंकाची संपादक फोनवर म्हणाली, "काकू, जॉबबद्दल लिहा ना. पण ती करिअर जर्नी नको यार, सगळे तेच पाठवतात. किस्से द्या." काकू आणि यार एकाच दमात म्हणणारी मुलगी दिसली की मला नाही म्हणवत नाही.

तर काम काय होतं ते आधी सांगते. इथल्या राष्ट्राध्यक्षांची कारकीर्द संपली की त्यांच्या कचेरीतला कागद न् कागद ट्रकांत भरून एका इमारतीत आणून ठेवतात. तिला ग्रंथालय म्हणतात, पण तिथे जाऊन कादंबरी मागाल तर हात हलवत परत याल. आत आहेत करड्या रंगाची खोकी. कपाटांच्या रांगाच्या रांगा, आणि त्यांत खोकी. आमच्याकडचे कागद ज्यांचे, त्यांच्या काळात आशियात लांब एका देशात युद्ध चालू होतं आणि इथली तरुण मुलं तिकडे जाऊन मरत होती. कोणते राष्ट्राध्यक्ष, कुठलं युद्ध, हे मी लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि नाही ओळखलं तरी पुढचं वाचताना काही अडणार नाही.

त्या खोक्यांतलं माझं सगळ्यात लाडकं काय म्हणाल, तर दैनंदिनी. नावावरून वाटतं की राष्ट्राध्यक्ष रोज दिवा लावून मनातलं लिहीत असतील. छे. त्यांनी त्यात एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यांच्या खोलीबाहेर बसणारी सेक्रेटरी आत कोण गेलं, कधी गेलं, कधी बाहेर आलं, ते टिपायची. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका प्रत्येक फोनची चिठ्ठी करायच्या. वर घरात साहेब कधी उठले, कधी जेवले, ताट परत आलं का, हे घराची व्यवस्था बघणारा माणूस लिहायचा. आणि हे सगळे चिटोरे तळघरातल्या एका खोलीत जमा झाले की तिथली एक टायपिस्ट ते जुळवून दिवसाचं पान टाइप करायची. म्हणायला पान, पण कधी एक कागद, कधी पाच. सुट्टी नाही, नाताळ नाही. साहेब आजारी पडले तर आजाराचंही पान.

मला त्या टायपिस्ट बाईंचं फार वाटायचं. मी त्यांना कधी भेटले नाही. फोटोतसुद्धा त्या मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. पण त्यांचं काम बघा. साहेबांनी कुणाला झापलं तर "बोलणं झालं" एवढंच. सगळा देश युद्धावरून पेटला होता, दारात निदर्शनं चालली होती, तरी पानावर एक विशेषण नाही. कौतुक नाही, चहाडी नाही. आपल्याकडे लग्नाच्या आहेराची यादी करतानासुद्धा माणूस एखाद्या नावापुढे थांबून "एवढंच?" म्हणतो. या बाईंनी एवढी वर्षं तोंड मिटून टाइप केलं.

आणि साहेबांचंही सांगते. युद्ध बरोबर की चूक, यावर माझी मतं आहेत आणि ती इथे मांडायची जागा नाही. पण माणूस बैलासारखा राबायचा, हे कुणीही पान बघून सांगेल. सकाळी सेनापती, मग शाळांच्या निधीचं बिल, मग कुणा खासदाराच्या आईला वाढदिवसाचा फोन, मग पुन्हा सेनापती. जेवण टेबलावर गार होतंय आणि हा माणूस फोनवर. मी दुपारी पान वाचून घरी यायचे आणि नवरा "आज फार दमलो गं" म्हणाला की मला हसू आवरायचं नाही.

आमच्या वाचनालयात यायचं तर बॅग बाहेर, कोट बाहेर, पेन बाहेर. हातात फक्त पेन्सिल. टेबलावर एका वेळी एकच फोल्डर, आणि आतल्या कागदांचा क्रम अजिबात हलवायचा नाही, मग तो क्रम कितीही मूर्खपणाचा वाटो. ज्या क्रमाने त्या माणसांनी ठेवले, त्याच क्रमाने ते राहणार.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. एक गृहस्थ दर उन्हाळ्यात यायचे ते फक्त गुलाबी कागद बघायला. एखादा कागद अजून गुप्त असेल तर आम्ही तो काढून त्या जागी गुलाबी कागद ठेवतो, की इथे काहीतरी आहे पण दाखवता येत नाही. हे गृहस्थ ते गुलाबी कागद मोजायचे आणि समाधानाने घरी जायचे. खरे कागद दिले तर त्यांना रस नसायचा. एक लेखिका आली, तिला अमुक एका रात्री जेवणात गोड काय होतं तेवढंच हवं होतं. शोधून दिलं. पीचचा 'पाय' होता, फळं भरून भाजतात तो. ती म्हणाली, मला चेरीचा हवा होता.

आणि आपले एक निवृत्त प्राध्यापक, पुण्याहून लेकीकडे जर्सी सिटीला आलेले. जावई त्यांना कारने देश दाखवत फिरत होता. मी मराठी आहे म्हटल्यावर एकदम मोकळे झाले. फोल्डर उघडलं, बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. मी टेबलापर्यंत अक्षरशः धावले. "काका, थुंकी नको." ते म्हणाले, "अहो, चाळीस वर्षं असेच पेपर तपासले." मी म्हटलं, "ते पेपर आता कुठे आहेत?" यावर ते इतके हसले की आमच्या वरिष्ठ बाई, हेलन, काचेच्या खोलीतून बाहेर आल्या.

हेलनबद्दल सांगायला हवं. उंच, सडपातळ, आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. मला कामाचं सगळं तिनेच शिकवलं. तिला सुनंदा म्हणता येईना, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिने माझं सू केलं, आणि तेच माझ्या बिल्ल्यावरही आलं. तिचा एक नियम होता: वाचकाने विचारलं तेवढं द्यायचं. अर्थ आपण सांगायचा नाही. आपण अर्थ सांगायला लागलो की त्यांना आपला राष्ट्राध्यक्ष दिसेल, त्यांचा दिसणार नाही. सुरुवातीला मला हा कोरडेपणा वाटायचा. पुढे पटलं. या देशात वाट्टेल तो माणूस उठून येतो, ओळखपत्र दाखवतो आणि आपल्या राष्ट्राध्यक्षाचा दिवस मागतो, आणि आम्ही "कशाला हवाय" हे न विचारता त्याच्यापुढे ठेवतो. याचा मला आजही अभिमान वाटतो.

एका मार्चमध्ये मार्था आली. सत्तरी ओलांडलेली, ताठ पाठीची, शेतकरी गावातली बाई. दोन राज्यं ओलांडून एकटी कार चालवत आली होती. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणलेली एक झेरॉक्स तिने आधी तपासणीला दिली आणि मग त्या महिन्याच्या दैनंदिनीचं खोकं मागितलं. मी आणून दिलं. तिने एक पान शोधलं, झेरॉक्स शेजारी ठेवली आणि ओळीला ओळ लावून बघत बसली. बराच वेळ. मग मला बोटाने बोलावलं.

"हे पान खरं आहे?"

"खरं आहे."

"याच्या मागे आणखी काही नाही? राहून गेलेलं?"

मी पाहिलं. काही नव्हतं. तेव्हा तिने हळू आवाजात सांगितलं. तिचा थोरला भाऊ डॅनी त्या युद्धात गेला. तो मेल्याची सरकारी तार आली, तिच्यात तारीख होती. शनिवार होता. खूप वर्षांनी, आईच्या सांगण्यावरून, तिने आमच्याकडे पत्र लिहून त्या तारखेचं पान मागवलं होतं. माझ्या आधी कुणीतरी ते पाठवलंही होतं, नियमाप्रमाणे, विचारलं तेवढंच. त्या पानावर संध्याकाळी परदेशी पाहुण्यांसाठी मेजवानी होती आणि मेजवानीनंतर नाच. साहेब कोणाकोणाबरोबर नाचले आणि कधी वर झोपायला गेले, सगळं लिहिलेलं. आमच्या टायपिस्ट बाईंनी काहीही सोडलेलं नव्हतं.

"माझा भाऊ मेला त्या दिवशी हा माणूस नाचत होता," मार्था म्हणाली. "आई हाच राग घेऊन गेली. मला आता तो बरोबर न्यायचा नाहीये. खरं असेल तर असू दे, पण मूळ कागद डोळ्यांनी बघायचा होता. कुठे चूक झाली असेल, असं वाटत होतं."

इथे मला जे झालं ते हेलनला झालं नसतं, कारण तिचं माहेर तीन गल्ल्या पलीकडे होतं. आपलं तसं नाही. आपण या देशात पाऊल ठेवल्यापासून डोक्यात दोन घड्याळं चालवतो. फोन उचलण्याआधी हात आपोआप हिशोब करतो की तिकडे आता काय वाजलं असेल, आई उठली असेल का. माझे वडील गेले तेव्हा भावाचा फोन आला, बाबा आज पहाटे गेले. त्याचं आज मंगळवार होतं आणि माझ्याकडे अजून सोमवारची संध्याकाळ उलटली नव्हती. पुढे वर्षश्राद्धाच्या वेळी घरात मोठी चर्चा झाली, की मी तिथी इथली धरायची की तिथली. आईने एका वाक्यात निकाल दिला, "ते इथे गेले, इथली धर." मी अजून तिथलीच धरते.

मार्थाने शनिवार म्हटलं आणि माझ्या डोक्यात तोच हिशोब सुरू झाला. तारेतली तारीख तिकडची होती. पान इकडचं.

मी सरळ बोलले नाही. हेलनच्या खोलीत गेले. तिला सगळं सांगितलं. आदल्या पानावर काय आहे हे मला पाठ नव्हतं, पण एवढं कळत होतं की ते पान दाखवलं तर मार्थाचा एक राग जाईल आणि दुसरा येईल. कारण साहेब नाचले हे काही पुसलं जाणार नव्हतं. उलट, मुलं मेल्याचं कळल्यावर ते नाचले, असं होणार होतं.

हेलनने चष्मा काढून पुसला. "विचारलं तेवढं द्यायचं," ती म्हणाली. तो पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग ती म्हणाली, "पण माणूस चुकीच्या दारावर थाप मारत असेल तर बरोबरचं दार दाखवणं हे अर्थ सांगणं नव्हे, सू. आदलं पान त्याच फोल्डरमध्ये आहे ना? मग उलट."

मी परत गेले. मार्थाला विचारलं, "तुमचा भाऊ दिवसाच्या कुठल्या वेळी गेला, माहीत आहे?"

"सकाळी. उजाडल्यावर लगेच. त्याच्या कॅप्टनने आईला लिहिलं होतं."

"तिथली सकाळ," मी म्हटलं. "तिथे शनिवारची सकाळ होते तेव्हा इथे शुक्रवारची संध्याकाळ असते."

तिने झेरॉक्सवरच्या तारखेवर बोट ठेवलं. "तारीख म्हणजे तारीख."

"हो. पण ती तिथली."

इतक्या वर्षांत तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण? त्या गावातून परदेशी फोन करण्याची वेळ कुणावर आली होती? मी फोल्डरमधलं एक पान मागे उलटलं आणि आम्ही दोघींनी शुक्रवार वाचला.

दुपारपासूनच बिनसलेलं होतं. संरक्षण खात्याचे प्रमुख आले, गेले, पुन्हा आले. तळघरातच युद्धाच्या बातम्या यायची वेगळी खोली होती, संध्याकाळनंतर तिला फोन, मग पुन्हा फोन, मग पुन्हा. मध्ये घरच्या माणसाची ओळ: जेवण वर पाठवलं, परत आलं. पुढच्या ओळीत साहेब स्वतः जिना उतरून त्या खोलीत गेलेले. कधी वर आले, तेही होतं. उशीर झाला होता.

मार्थाने त्या ओळींखालून बोट फिरवलं, कागदाला न लावता. "याला माहीत होतं?"

मी तिच्याशी खोटं बोलणार नव्हते. "त्या भागात मोठी लढाई चालू आहे, एवढं माहीत होतं. नाव माहीत नसणार. नावं इथवर येत नव्हती. आकडा यायचा."

"आकड्यात तो होता."

"होता."

तिने मान हलवली. मग शनिवारच्या पानावर परत गेली. मी ज्याला भीत होते ते आलं.

"म्हणजे नाचला तेव्हा आकडा त्याला कळलेला होता."

"हो," मी म्हटलं. "मेजवानी आधीपासून ठरलेली होती. हे मी त्यांच्या बाजूने बोलत नाहीये, आठवड्याच्या कार्यक्रमात तसं आहे म्हणून सांगतेय. मला वाईट वाटतंय, मार्था. मला फार वाईट वाटतंय."

ती रडली नाही, चिडली नाही. दोन्ही पानांच्या प्रती हव्यात म्हणाली. मी विचारलं, दोन्ही? "दोन्ही," ती म्हणाली. "जेवला नाही हे खरं, आणि नाचला हेही खरं. एकच नेलं तर पुन्हा चूक होईल." ग्रंथालयात मी मोठमोठे विद्वान बघितले, त्यांची पुस्तकं आमच्या कपाटात आहेत. पण समोर ठेवलेलं सगळं, आपल्याला नको असलेलंसुद्धा, असं उचलून घेणारा वाचक मी दुसरा बघितला नाही.

मी प्रतींची चिठ्ठी लिहीत होते. मार्था म्हणाली, "आमच्याकडे तेव्हा किती वाजले असतील? शुक्रवारी. आमच्या गावात."

तिचं राज्य वॉशिंग्टनपेक्षा एक तास मागे. मी बोटांवर मोजलं. "सहा-साडेसहा. उन्हं असतील अजून."

तिने पाठ खुर्चीला टेकवली. मला वाटलं, दमली असेल. पाणी आणू का, बाहेर बसता का, असं मी विचारणार होते. तेवढ्यात तीच बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"शनिवारी रात्री आमच्या शाळेत प्रॉमचा नाच होता. शेवटचं वर्ष. मी पिवळा ड्रेस घातला होता आणि बँड बंद होईपर्यंत नाचले. हॉलमधून सगळ्यात शेवटी बाहेर पडले. तार आली पुढच्या आठवड्यात. तारेवर तारीख होती." तिने झेरॉक्स पाकिटात परत सरकवली. "त्यानंतर मी नाचले नाही. माझ्या लग्नात नवरा हात पुढे करून उभा राहिला, सगळं गाव बघत होतं, आणि मी खुर्चीतून उठले नाही. त्याला कारण सांगितलं नाही. तो गेला, तरी सांगितलं नाही."

तेव्हा मला कळलं की ती एवढी वर्षं कुणावर रागावली होती.

"शुक्रवारी सहा वाजता," मी म्हटलं, "कुठे होतात तुम्ही?"

तिला आठवावं लागलं नाही. "स्वयंपाकघरात. खुर्चीवर उभी. तोच ड्रेस अंगावर, आणि आई खाली बसून त्याचा घेर मापात घेत होती, तोंडात टाचण्या धरून. मी म्हटलं, डॅनी असता तर म्हणाला असता, बाई गं, केवढा हा भोपळा. आई इतकी हसली की टाचण्या सांडल्या. मग आम्ही दोघी जमिनीवर बसून त्या वेचत होतो. आई त्याच्या लहानपणचं काही काही सांगत होती, मी सांगत होते. अंधार पडेपर्यंत. दिवासुद्धा लावला नव्हता."

तिने आता माझ्याकडे पाहिलं.

"आम्ही त्याच्याबद्दल बोलत होतो, सू. त्याच वेळी. आम्ही त्याच्याबद्दलच बोलत होतो."

मी फोल्डर बंद करून बाजूला ठेवलं, खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसले. वाचकाच्या टेबलाशी आम्ही बसायचं नसतं. हेलन काचेआडून बघत होती. मग तिने मान वळवली आणि आपल्या कागदांत डोकं घातलं.